तीनशे पंच्याहत्तर अंशांचं सफरचंद

"आता त्यांना जे हवं ते खाऊ द्या," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी खिशातून छोटी वही काढली आणि विचारलं, "म्हणजे नेमकं काय काय?"

छत्तीस वर्षं शास्त्र आणि गणित शिकवलेल्या माणसाला मोघम वाक्यं कळत नाहीत. मठ्ठ पण गरीब स्वभावाच्या मुलाकडे मी जसा बघत आलो, तसे डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नीट समजावलं. अन्ननलिका दिवसेंदिवस अरुंद होत चालली होती. पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे, मऊ काहीतरी गिळता येईल. त्यानंतर नळी. नळीनंतरचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेवढं गणित मला येत होतं.

घरी आलो. माझी पत्नी सरोजिनी मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवायची. अख्खी घोरपडे पेठ तिला बाई म्हणते, त्यामुळे घरात मीही बाईच म्हणतो.

"डॉक्टर म्हणाले, बाईंना हवं ते खाऊ द्या."

"म्हणजे हात टेकले त्यांनी."

"तसं नाही म्हणाले."

"अहो, माझ्या वडिलांच्या वेळीही असंच म्हणाले होते. त्यांनी जिलबी मागितली." तिने मान माझ्याकडे वळवली. "मला भाजलेलं सफरचंद हवं. 'प्रत्येकी एक'."

'प्रत्येकी एक' हे पदार्थाचं नाव आहे. पाठ्यपुस्तक कुणा साहेबाच्या बायकोने लिहिलं असावं आणि भाषांतर कुणा संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी. त्यात ऋतूंप्रमाणे पदार्थ होते. शरद ऋतूच्या पानावर, जेव्हा पुण्यात माणसंच भाजून निघत असतात, भाजलेली सफरचंदं होती. इतर गोड पदार्थांसारखं हे कापून वाटायचं नाही. एका माणसाला एक अख्खं, त्याच्या त्याच्या वाटीत. शाळेत ओव्हन नव्हता. बाई दरवर्षी मागणीपत्र लिहायची आणि दरवर्षी 'मागणी विचाराधीन आहे' असं उत्तर यायचं. तो विचार एकतीस वर्षं चालला. तेवढ्या काळात बाईने ते सफरचंद फळ्यावर भाजलं. आकृती काढायची, बाण दाखवायचे, भागांना नावं द्यायची. वार्षिक परीक्षेत त्यावर पाच गुणांचा हमखास प्रश्न असे. एकदा एका मुलीने पाऊण तासाऐवजी अर्धा तास लिहिलं, तर बाईने तिला शून्य देऊन वर "सफरचंद कच्चे" असा शेरा मारला होता.

आणि या सगळ्या काळात ते सफरचंद तिने कधी केलं नव्हतं, पाहिलं नव्हतं, खाल्लं नव्हतं.

"मुलींना सांगत आले, वरून खमंग आणि आतून लोण्यासारखं लागतं," ती म्हणाली. "लागतं का, मला काय माहीत? उद्या वर कुणी विचारलं तर?"

"वर कोण विचारणार?"

"इन्स्पेक्टर सगळीकडे असतोच."

निवृत्तीनंतर शाळेने तिला शाल, श्रीफळ आणि तिचाच 'प्रत्येकी एक'चा जुना तक्ता दिला होता. तो तांदळाच्या डब्यावरच्या भिंतीला टांगलेला असे. मी चष्मा लावून वाचला. मध्यम आकाराची, घट्ट, आंबटसर सफरचंदे. देठाकडून गाभा कोरावा, बूड शाबूत ठेवावे. पोकळीत लोणी, साखर, बेदाणे, दालचिनी. भट्टी ३७५ अंश सें. पाऊण तास. कोमट असता वाढावे. ह्यात अवघड काय आहे, असं मला वाटलं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या अपघातांची सुरुवात ह्याच वाक्याने झाली आहे.

पहिलं अडलं 'आंबटसर' ह्या शब्दाशी. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याकडे लाल, गुळगुळीत, आतून भुसभुशीत सफरचंदं होती. आंबट आहेत का विचारल्यावर त्याचा अपमान झाला. "सर, चाळीस वर्षांत आंबट आहे का म्हणून तक्रार आली. आंबट द्या म्हणून आज पहिल्यांदा." आंबट हिरवी फक्त मार्केट यार्डात येतात, मुरंबावाले नेतात, एवढं मात्र त्याने सांगितलं.

खालच्या मजल्यावरच्या मथुराबाईंना हे कळायला मला जिना उतरायलाही लागलं नाही. मथुराबाईंचे यजमान, दोन नणंदा आणि एक दीर त्यांच्या हातून गेले होते, म्हणजे त्यांच्या सेवेत. त्यामुळे आजारपणाच्या बाबतीत त्यांचा शब्द इमारतीत शेवटचा मानला जाई.

"सफरचंद थंड असतं, सर. आणि पितृपक्ष सुरू होतोय. ह्या दिवसांत घरात नवा पदार्थ करत नाहीत."

"पितृपक्ष संपेपर्यंत थांबलो तर बाई त्या यादीतच जाईल," मी म्हणालो.

जन्मात मी त्यांना एकदाच गप्प केलं आणि त्याचा मला काही आनंद झाला नाही.

सकाळी साडेसहाला मी मार्केट यार्डात पोचलो. एका गाळ्यात हिरव्या सफरचंदांच्या लाकडी पेट्यांची चळत लागली होती. गाळेवाला उंच गादीवर बसला होता.

"किती?"

"एक."

त्याने हमालाला खूण केली. सोनबा नावाच्या त्या हमालाने एक पेटी डोक्यावर घेतली.

"पेटी नव्हे," मी म्हणालो. "एक सफरचंद."

गाळ्यात एकदम शांतता पसरली. इन्स्पेक्टर वर्गात आल्यावर अशी शांतता मी ऐकली आहे. सोनबा डोक्यावर पेटी घेऊन तसाच उभा राहिला.

"सर," गाळेवाला फार नम्रपणे म्हणाला, "हत्तीच्या बाजारात जाऊन तुम्ही शेपटीचा एक केस मागताय."

मी त्याला बाईचं दुखणं सांगायला हवं होतं. त्याने दोन सफरचंदं फुकट दिली असती. पण माझ्या अंगात शिक्षकी मान असा आहे की तो नको तिथे ताठ होतो. "पेटी द्या," मी म्हणालो. घरी मोजली, ब्याण्णव होती. बाईला त्यातलं एकही सबंध गिळता येणार नव्हतं.

तेव्हा माझ्या मनात आलं, की बाहेरच्या खोलीत संध्याकाळी माझ्याकडे अकरा मुलं येतात. फी नसते. शाळेत जे डोक्यावरून जातं ते इथे पुन्हा, सावकाश, जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा. तीन चतुर्थांश म्हणजे काय हे एका मुलाला मी सलग सतरा दिवस समजावलं आहे आणि अठराव्या दिवशी त्याला ते कळलं; त्या दिवसासारखा दिवस नाही. तर ती अकरा आणि बाईचं एक, अशी बारा भाजू. बाईला ते पटलं. "वर्गासमोर प्रात्यक्षिक झालंच पाहिजे," ती म्हणाली. तिचा आवाज आता आमच्या जुन्या रेडिओसारखा दुरून यायचा.

ओव्हन मथुराबाईंनी दिला. गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्यांच्या भाच्याने आपल्या लग्नात मानपान म्हणून दिला होता आणि त्यांनी त्यात बावीस वर्षं सुया-दोरे ठेवले होते. त्याची कॉइल गेली होती. ती आणायला मी बुधवार पेठेत गेलो. पाच दुकानांत मला सांगितलं, की हा ओव्हन टाकून द्या. सहाव्या दुकानात विचारलं, की हा ओव्हन विकणार का. सातव्यात कॉइल मिळाली. दुकानदार म्हणाला, "ह्याच्याच आसपासची आहे." आसपासची म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं.

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुलांना ओळीने बसवून मी बटण दाबलं. खिडकीच्या काचेत क्षणभर सुंदर तांबूस उजेड दिसला. त्यानंतर कुठेच उजेड दिसला नाही. बाराही बिऱ्हाडांची वीज गेली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात आमचे सेक्रेटरी नगरकर यांच्या वळणदार अक्षरात सूचना लागली: "काल सायं. ६.१० ते ८.५५ इमारतीत जो अंधार होता, तो सफरचंदामुळे होता. संबंधितांनी नोंद घ्यावी. इतरांनी घेतलीच आहे."

मी नगरकरांकडे गेलो. जन्म सरकारी कचेरीत काढलेला, सज्जन माणूस. त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं आणि नियमांचं पुस्तक काढलं.

"सर, जास्त दाबाचं उपकरण वापरायचं तर कार्यकारिणीचा ठराव लागतो. सभेला सात दिवसांची नोटीस."

"नगरकर, बाईला डॉक्टरांनी पंधरा दिवस दिले होते. त्यातले पाच गेले."

नगरकरांनी बोटांवर मोजलं. "मग बसतंय की," ते म्हणाले. "सात जाऊन तीन उरतात."

त्यांनी ते मनापासून, माझ्या भल्यासाठी सांगितलं. मी त्यांचं पाणी पिऊन वर आलो.

मार्ग दाखवला जुबेदाने. जुबेदा दहा वर्षांची, माझ्या वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी आणि म्हणूनच सगळ्यांत धोकादायक मुलगी. तिचे आजोबा हमीदभाई यांची पलीकडच्या गल्लीत बेकरी आहे. दिवाळीच्या आधी आठवडाभर पेठेतल्या बायका मळलेल्या मैद्याचे डबे घेऊन तिथे रांग लावतात. आपापली नानकटाई आपापल्या ट्रेमध्ये थापायची, नावाची चिठ्ठी लावायची आणि हमीदभाईंच्या भट्टीतून भाजून न्यायची. बाईही दरवर्षी न्यायची.

"सर, नानकटाई भाजतात, तर सफरचंद का नाही भाजणार?" जुबेदा म्हणाली.

छत्तीस वर्षं मी मुलांकडून असेच प्रश्न यावेत म्हणून झटलो, आणि आला तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं, कारण तो मला सुचायला हवा होता.

सकाळी मी, जुबेदा आणि बारा कोरलेली सफरचंदं बेकरीत गेलो. तापमान मोजायला मी माझ्या जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेतून पाऱ्याचा लांब थर्मामीटर मागून आणला होता. तो तीनशे साठ अंशांपर्यंतच होता. आपल्याला तर तीनशे पंच्याहत्तर लागतात, म्हणजे शाळेला स्वस्तातला थर्मामीटर गळ्यात बांधला गेला, असा निष्कर्ष मी काढला. शास्त्राचा शिक्षक, लक्षात घ्या.

हमीदभाईंनी थर्मामीटर हातात घेतला, उजेडात धरला आणि मला परत दिला. "पारा आत जाणार नाही, सर. फुटला तर? लोक पाव खातात इथला."

"मग उष्णता मोजायची कशी?"

त्यांनी चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर भिरकावला. टाकताक्षणी काळा पडला. "आत्ता ही पावाची भट्टी आहे. कडक. पाव निघाले की उतरेल. मग चिमूट टाकायची आणि एक ते दहा म्हणायचं. दहाला मैदा तांबूस झाला की नानकटाई. तुमची सफरचंदं तेव्हा लावू. अजून दीड तास."

"नाही, हमीदभाई. तीनशे पंच्याहत्तर म्हणजे कडकच. बाईंनी लिहून ठेवलंय."

हमीदभाई दाढीवरून हात फिरवत उभे राहिले. त्यांच्या घरातल्या तीन पोरी बाईच्या हाताखालून गेल्या होत्या. "बाईंचं लिहिलेलं आहे का?"

"बाईंचं."

"मग माझं काय चालणार," असं म्हणून त्यांनी लांब दांड्याच्या फावड्याने ट्रे आत सरकवला.

पाऊण तास मी घड्याळ धरून उभा होतो. पंधराव्या मिनिटाला वास आला. विसाव्याला हमीदभाई म्हणाले, "काढू?" मी म्हणालो, "पाऊण तास." तिसाव्याला धूर आला. हमीदभाई जुबेदाला घेऊन दारात जाऊन उभे राहिले. पंचेचाळिसाव्या मिनिटाला ट्रे बाहेर आला. त्यात बारा काळे गोळे होते, सारख्या अंतरावर, प्रत्येकी एक.

"मी सांगितलं होतं, असं मी म्हणणार नाही," हमीदभाई म्हणाले.

जुबेदा ट्रेजवळ आली. एका गोळ्याला तिने बोट लावलं आणि त्याचा भुगा झाला. "सर, शिसं किती अंशांना वितळतं?"

"तीनशे सत्तावीस. आपण पाठ केलं होतं."

"मग तीनशे पंच्याहत्तरला सफरचंद कसं राहील?"

मी घरी येऊन बाईची जुनी टाचणवही काढली. पुस्तकावरून उतरलेलं मूळ टाचण तिच्या बारीक अक्षरात होतं: लोणी अर्धा औंस, साखर एक औंस, भट्टी ३७५ अंश फॅ. मग साठ सालची आठवण झाली. सगळी मापं दशमान करा, असं परिपत्रक शाळांत आलं होतं. बाई त्या वेळी पापड लाटत होती. तिने वही माझ्यापुढे सरकवून म्हटलं होतं, "तुम्ही शास्त्रातले, तुम्हीच करून द्या." मी औंस खोडून ग्रॅम लिहिले होते, दशांश चिन्हासकट अगदी बरोबर. आणि 'फॅ.' खोडून 'सें.' लिहिलं होतं. आकडा तसाच ठेवून. अक्षर माझं होतं. शाई निळी होती, कारण लाल मी मुलांच्या चुकांसाठी राखून ठेवायचो.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगतो, की चूक सापडली की आनंद व्हायला हवा. हे वाक्य मी किती सहज बोलत आलो, ते मला त्या दुपारी कळलं.

बाईने आतून विचारलं, "झालं का?"

"भट्टी तापायची होती. उद्या."

उद्या जमलं नाही, कारण उद्या ती अर्धा दिवस नुसती खोकत होती. परवाही नाही, तेव्हा डॉक्टर घरी आले आणि नळीचा दिवस ठरवून गेले, सोमवार. मथुराबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. मी त्यांना स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "अशा वेळी खोटं बोललेलं मोजत नाहीत. माझ्या यजमानांना मी शेवटपर्यंत सांगत होते, की पेन्शन सुरू झालं."

रविवारी सकाळी मी पुन्हा बेकरीत गेलो. ह्या वेळी गप्प बसलो. पाव निघाले, भट्टी उतरली, हमीदभाईंनी चिमूट टाकली, जुबेदाने दहा म्हटले आणि मैदा तांबूस झाला. पाऊण तासाने बारा सफरचंदं बाहेर आली, तेव्हा त्यांची साल सुरकुतली होती, देठाकडून रस उकळत होता आणि दालचिनीचा वास रस्त्यापर्यंत गेला होता. पावासाठी आलेला एक माणूस विचारू लागला, "हे काय आहे, कसं दिलं?"

"विकायचं नाही," हमीदभाई म्हणाले. "हे शाळेचं आहे."

बाईला उशांना टेकवून बसवलं. मुलं दारात उभी राहिली, प्रत्येकाच्या हातात आपापली वाटी. मी चमच्याच्या टोकाने आतला गर काढला, गाळणीतून गाळला आणि तिच्या ओठांना लावला. तिने डोळे मिटले. गिळायला तिला फार वेळ लागला. मी घड्याळाकडे बघितलं नाही. मग तिने दुसऱ्यांदा तोंड उघडलं.

"लोण्यासारखं लागतं," ती म्हणाली.

"लागतं ना?"

"लागतं. दालचिनी कमी. पाचापैकी साडेतीन." जरा श्वास घेऊन तिने विचारलं, "किती अंशांवर?"

"तू लिहिलेस तितक्याच."

मुलं खात होती. खोलीत चमच्यांचा आवाज होता. तेवढ्यात जुबेदा, जिला मी वर्षभर 'चूक दिसली की हात वर कर' असं शिकवत होतो, तिने हात वर केला.

"बाई, तितक्यावर कोळसा झाला होता. हे दादाजानच्या अंदाजाने भाजलंय."

एखाद्या मुलाला आपण नीट शिकवलं आहे, ह्याचा पुरावा इतक्या वाईट वेळी कुणाला मिळाला नसेल.

बाई माझ्याकडे वळली. "वही आणा."

मी आणली. तिने पान उघडलं, बोट ठेवलं. "हे 'सें.' तुमचं आहे."

"माझं."

"पापडांच्या दिवशी."

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ओरडायला आवाज नव्हता, आणि असता तरी ती ओरडली नसती. ती वर्गातही कधी ओरडली नाही. "तेवीस वर्षं ते शिकवलं मी. दोन तुकड्या. पन्नास-पन्नास मुली."

"दोन हजार तीनशे, बाई," जुबेदा म्हणाली.

"शाबास." बाईने वही मिटली. "आता घराघरांत ओव्हन आलेत. एखादी करेल माझ्या भरवशावर. जाळून घेईल." ती दमली होती. मी तिला पाणी देऊ लागलो, तर तिने हाताने थांबवलं. "तुम्ही सांगा त्यांना."

"सगळ्यांना?"

"भेटतील तशा."

सोमवारी नळी घातली. कोजागरीच्या आदल्या दिवशी बाई गेली. नगरकरांनी जिन्यात सूचना लावली. दोन ओळींची होती आणि तिच्यात टोमणा नव्हता. पेटीतली उरलेली सफरचंदं तेराव्यापर्यंत टिकली. आंबट असल्यामुळे मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी त्यातली अकरा कोरून डब्यात भरली आणि जिना उतरलो. मथुराबाई दारातच होत्या.

"सर, ह्या वर्षी तुमच्याकडे सण नाही."

"सण नाही. दुरुस्ती आहे."

बेकरीसमोर नेहमीसारखी रांग होती. बायका डबे आणि ट्रे घेऊन उभ्या होत्या. मी शेवटी जाऊन उभा राहिलो. पुढच्या बाईंना विचारलं, "आपण कुठल्या शाळेच्या?" त्यांनी ट्रे छातीशी धरून माझ्याकडे संशयाने बघितलं आणि म्हणाल्या, "का?" दुसऱ्या बार्शीच्या निघाल्या. तिसरीला मी सगळं समजावून सांगितलं, फॅरेनहाइट, सेंटिग्रेड, शिशाचा वितळबिंदू. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, की मी ह्यांच्याकडे कामाला आहे, नुसता डबा घेऊन आले. हमीदभाई आतून सगळं बघत होते. त्यांनी जुबेदाकरवी मला बसायला स्टूल पाठवलं.

दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी रांगेत चाळिशीची एक बाई आली. चष्मा, हातात तीन ट्रे. तिनेच मला ओळखलं.

"सर ना तुम्ही? बाईंचे? मी आनंदी. सदुसष्टची अकरावी, ब तुकडी. आता सहकारनगरला असते, पण नानकटाई इथलीच लागते."

मी उठून उभा राहिलो. आठवडाभर मनात घोकलेलं वाक्य म्हणालो. "बाईंनी सांगितलंय, की 'प्रत्येकी एक'मध्ये एक दुरुस्ती आहे. तीनशे पंच्याहत्तर सेंटिग्रेड नाही. फॅरेनहाइट. आपल्या ओव्हनवर एकशे नव्वद."

आनंदी हसू लागली. इतकी, की पुढच्या बाईने तिचे ट्रे धरले. "अहो सर, ते आम्हाला नववीतच कळलं होतं. माझ्या मावशीकडे ओव्हन होता. आम्ही चौघींनी करून बघितलं, मावशीचं भांडं गेलं. मग अंदाजाने केलं, ते झक्क झालं. सगळ्या वर्गाला माहीत होतं. आमच्या आधीच्या वर्गालाही."

"मग सांगितलं का नाही?"

"बाईंना?" तिने अशा नजरेने बघितलं, जणू मी तिला पर्वतीवरून उडी का मारली नाहीस असं विचारलं असावं. "परीक्षेत आम्ही गुपचूप तीनशे पंच्याहत्तर लिहायचो. पाचापैकी पाच. घरी मात्र दर वर्षी करते मी, ह्याच दिवसांत. मुलांना फार आवडतं. खाताना दर वेळी बाईंचं नाव निघतं."

"चूक बाईंची नव्हती," मी म्हणालो. "माझी होती. मी लिहिलं होतं ते."

"तुम्ही असं म्हणणारच," ती समजूतदारपणे म्हणाली. मग आवाज खाली आणून माझ्याकडे झुकली. "पण सर, मी हे बोलले असं बाईंना सांगू नका हं. इतकी वर्षं झाली, तरी भीती वाटते. रागावतील."

"नाही सांगत," मी म्हणालो.

आतून हमीदभाईंनी चिमूट टाकली, जुबेदाने दहा म्हटले, आणि रांग एका माणसाने पुढे सरकली.